झायिकनं काठ खाल्ला

तालतोगाई
९ एप्रिल १९९४

मिर्झा,

सलाम. तब्येत, छाती, दात सगळं जागेवर आहे ना? जनावरं खुशाल ना, असं विचारायची आपल्यात रीत आहे, पण समुद्राकाठच्या त्या सिमेंटच्या खोक्यात तुझ्याकडे कुठली जनावरं? झुरळं असतील. ती खुशाल असोत.

चौथीनंतर माझी शाळा सुटली हे तुला माहीत आहे. तेव्हा अक्षराला हसू नकोस. हसलास तरी मला इथून दिसणार नाही म्हणा.

इकडची खबर अशी. राउशान गुर्येवला सासरी सुखात आहे असं ती लिहिते. मी जाऊन डोळ्यांनी बघेपर्यंत मानत नाही. पोरीपण आईला खोटं लिहितात. लाल गाय व्याली, कालवड झाली. माशांच्या कारखान्यात काम अर्ध्यावर आलंय. मोठा मासाच वर येत नाही तर गाबोळी कुठून काढणार? बायका टेबलापाशी बसतात, सुऱ्या पुसतात आणि एकमेकींच्या सुनांबद्दल बोलतात.

यंदा झायिक नदीवरचा बर्फ लवकर फुटला. तोफा उडाव्यात असे आवाज येत होते, कुत्री घरात घुसून बसली. आणि मग पाणी जे चढलं ते अजून उतरायचं नाव नाही. म्हातारी माणसं म्हणतात, असं पाणी लढाईच्या वेळी आलं होतं. म्हातारी माणसं काहीही म्हणतात. पण गावाच्या वरच्या वळणावर झायिक उलटीच वागायला लागली आहे हे खरं. पलीकडच्या बुखार काठाला ती रोज नवी वाळू टाकते, आणि आपला समारा काठ खाते. तिकडे पोरं कोऱ्या वाळूवर चेंडू खेळतात, आणि इकडे आम्ही कुंपणं उपटून मागे नेतो. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पांढरी झायिक रागावली आहे, कुणीतरी तिच्यात थुंकलं असेल. मी म्हणते, थुंकणाऱ्याचं घर आधी न्यावं ना. तसं ती कधीच करत नाही.

आता मुद्द्याचं. ती कबरस्तानापर्यंत आली आहे. काठावरची पहिली रांग गेली. तुझ्या पणजोबांचा कोरीव दगड गेला तो मी बघितला. आडवा पडला नाही, उभाच्या उभा सरकला आणि पाण्यात शिरला.

पुरुषमंडळी बसली आणि ठरलं की पुढच्या दोन रांगा उकरून अस्थी लाल टेकडीवरच्या नव्या कबरस्तानात न्यायच्या. ज्याची कबर त्याच्या घरच्या पुरुषांनी उकरायची. आपल्या घरात पुरुष म्हणजे तू. कोजाबेर्गेन आजोबा मला म्हणाले, "उतेगालीला कळव. भाऊ आणि आई दोघांना उचलायचं आहे, मुलानंच यायला हवं." तुझं नाव त्यांनी घेतलं, मी मिर्झाच म्हणते, सुनेनं सासरच्यांची नावं घेऊ नयेत. म्हणून हे पत्र. तू येणार नाहीस हे मला लिहायला बसायच्या आधीच माहीत होतं, तरी लिहिलं. माझ्यावर बोल नको.

एवढ्यावर पत्र संपलं असतं. पण परवा साबीर मौलवी घरी आला. आपणहून. दारातच उभा.

"बाल्झिया," म्हणाला, "आईंना आपण टेकडीवर नेऊ. पण शेजारच्या त्या कबरीला हात नको लावायला."

"कुठल्या कबरीला? राउशानच्या बापाच्या, तुमच्या मित्राच्या?"

"मेंदीगालीच्या. पाणी नेईल तर नेऊ दे."

"आईंची कबर मागे आहे, त्यांची पुढे. मागची हलवायची आणि पुढची सोडायची? हे कुठल्या किताबात लिहिलंय?"

"झायिकमध्ये गेलेला माणूस आहे. झायिकनं परत नेला तर पाप नाही."

"मग त्या वेळी बाहेर कशाला काढलात?"

त्यानं टोपी सारखी केली, बाईमाणसानं यात पडू नये म्हणाला आणि निघाला. चहा घेतला नाही. मिर्झा, साबीर मौलवी आजवर कुणाच्या घरून चहा न घेता गेलाय का? मयताच्या घरीसुद्धा तो भांडं रिकामं झाल्याशिवाय उठत नाही.

तेव्हा एक विचारते, सरळ उत्तर दे. पोरीच्या बापाला, म्हणजे तुझ्या भावाला, शेवटचं स्नान तुम्ही दोघांनी घातलंत, तू आणि साबीरनं. तिसरं कुणी आत नव्हतं. थंडीनं गेलेली दोन बोटं त्यांच्या कुठल्या पायाची होती? तुला आठवतं का बघायचं आहे, बाकी काही नाही.

उत्तर लगेच टाक.

तुझी वहिनी


तालतोगाई
२३ एप्रिल

मिर्झा,

तुझं पत्र मिळालं. सलाम तुलाही. थंडी गेली, बरं झालं. समुद्राचा वारा खारट आहे, ठीक आहे. तुझ्या खोलीतला नळ गळतो हे वाचून मला काय करायचं आहे? पान भरायला लिहिलंस ते मला कळतं.

डाव्या पायाची बोटं, असं लिहिलंस. बरोबर लिहिलंस. पण ती बोटं गेली तेव्हा तू तुझ्या भावाबरोबर मेंढरांमागे होतास. तुला ते लहानपणापासून माहीत आहे. म्हणजे माझाच प्रश्न कच्चा होता. मी दुसरं काहीतरी विचारायला हवं होतं.

आणि शेवटची ओळ. सही करून झाल्यावर खाली बारीक अक्षरात लिहिली आहेस ना, ती: "त्या कबरीला हात लावू नका. पाणी नेईल तर नेऊ दे."

पाणी नेईल तर नेऊ दे. हेच शब्द. शब्दाला शब्द. तू तिकडे, साबीर इकडे, मधे सगळं माळरान, आणि तुम्ही दोघं एका तोंडानं कधीपासून बोलायला लागलात?

मी तेव्हापासून झोपले नाही म्हणणार नाही, झोपते मी चांगली. पण जागी असते तेव्हा हेच डोक्यात. आणि एकदा डोकं चालायला लागलं की जुनं सगळं वर येतं, बर्फ फुटल्यावर तळातली लाकडं वर येतात तसं.

ते गेले त्या मार्चमध्ये तुम्ही दोघं भाऊ बर्फाखालची जाळी काढायला गेलात. एकटा तू आलास. कमरेपर्यंत ओला, ओठ निळे, आणि तोंडातून शब्द नाही. बर्फ फुटला, एवढंच साबीरला सांगितलंस. मला नाही सांगितलंस, साबीरला. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मग पाणी आलं, आणि पाण्यामागून माशांचे दिवस आले. त्या दिवसांत नदीकाठी कुणी मोठ्यानं बोलत नाही, भांडं आपटत नाही, मासा बिचकून मागे फिरतो म्हणून. मला हंबरडा फोडायचा होता, मिर्झा. आपल्याकडे बायको नवऱ्यासाठी मोठ्यानं रडते, गाऊन रडते, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. आणि फोरमन दारात येऊन म्हणाला, वहिनी, जरा हळू, मासा चढतोय. मी रुमाल तोंडात कोंबून रडले. माझा नवरा त्या नदीनं नेला आणि तिच्या माशांची झोप मोडू नये म्हणून मी गप्प बसले.

मे महिन्यात तू आणि साबीर होडी घेऊन खालच्या बोरूच्या रानात गेलात आणि त्यांना लोकरीच्या नमद्यात गुंडाळून आणलंत. तू म्हणालास, "वहिनी, बघण्यासारखं नाही." मी ऐकलं. जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाही, ते त्या दिवशी ऐकलं. बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून मी घरात. तुम्ही स्नान घातलंत, कफन बांधलंत, नेलंत, पुरलंत. चहा उकळायच्या आत सगळं उरकलं.

मग परत येऊन मंडळी चहाला बसली. तेव्हा कोजाबेर्गेन आजोबा म्हणाले, आणि मी पडद्याच्या या बाजूला होते, "पाण्यातला माणूस दोघांच्या वजनाचा होतो, मेंदीगाली मात्र कोकरासारखा लागला खांद्याला." सगळ्यांनी त्यांना गप्प केलं. मीपण मनातल्या मनात गप्प केलं. पण ऐकलं होतं.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते, कारण तू आधीच जाणतोस असा माझा संशय आहे. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर झीना बसायची. गाबोळी चाळायची, दात दाखवायची. पोरीचा बाप बर्फाच्या पेट्या घेऊन आला की तिचं हसणं वरच्या पट्टीत जायचं. मी आंधळी नव्हते. त्याच वसंतात ती आस्त्राखानला निघून गेली. कुणाला न सांगता, टेबलावर हातमोजे तसेच टाकून.

कळलं? एक माणूस बर्फाखाली जातो आणि कुणाला दिसत नाही. एक बाई गावातून जाते आणि कुणाला दिसत नाही. एक प्रेत येतं आणि कुणाला बघू देत नाहीत. मी मूर्ख असेन, पण मी रोज मासे कापते. पोटात काय आहे ते वरून कळतं मला.

दर शुक्रवारी मी त्यांच्या नावानं शेलपेक तळले. ताजं तेल, ताजं पीठ, गरम गरम पोळ्या घरोघरी वाटल्या, वास त्यांच्यापर्यंत पोहोचावा म्हणून. आणि ते आस्त्राखानला दुसरीच्या हातचा तळलेला मासा खात असतील तर? तर तो वास कुणाला गेला, मिर्झा? शेजारच्या मांजराला?

मी साबीरच्या घरी गेले. त्याची बायको म्हणाली, झोपलाय. मी म्हटलं, मग उठेपर्यंत बसते. तो लगेच उठला.

"साबीर, त्या कबरीत कोण आहे?"

"बाल्झिया, शंका सैतानाची असते."

"सैतान परवडला. तो निदान चहाला बसेल."

"तू त्या माणसासाठी प्रार्थना केलीस, ती पोहोचली. आता सोड."

"कुठं पोहोचली? पत्ता सांगा. आस्त्राखानची गल्ली कुठली?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं आता बोलणार. बायको आत आली, आणि त्यानं तोंड मिटलं. ती बाई चुकीच्या वेळी तळलेले बाउरसाक खायला घेऊन येण्यात पटाईत आहे.

आणखी एक गोष्ट. लिहायची नव्हती, पण पान उरलंय.

वर्ष झाल्याचं जेवण होतं तेव्हा थोरल्यांनी बोलणं काढलं. जुनी रीत, घरची सून घरातच राहावी, धाकट्या दिरानं तिचा हात धरावा. आमचा काळ वेगळा, कम्युनिस्ट पार्टीचे दिवस, तरी म्हाताऱ्यांनी काढलंच. सगळे तुझ्याकडे बघत होते. मी चहा ओतत होते. तू उभा राहिलास, "नाही" म्हणालास, आणि बाहेर. एवढंच, एक शब्द. आणि महिन्याभरात सामान बांधून शेव्चेन्कोला, समुद्राकाठी.

मला त्याचं काही नाही. तू राहावंस म्हणून मी कधी कुणाकडे शब्द टाकला नाही. चहा तेवढा सांडला त्या वेळी. किटली गरम होती, हात भाजला, आठ दिवस फडकं बांधून मासे कापले. त्याचंही काही नाही. पण विचार मी आता करते आहे: निर्दोष माणूस असा पळतो का? नको असेल तर नको म्हणेल आणि जाऊन गवत कापायला लागेल. तू गाव सोडलंस. म्हणजे एक तर तुझा भाऊ जिवंत आहे आणि तू त्याला पळवलंस. नाहीतर त्या बर्फावर तुम्हा दोघांत असं काही झालं की तुला माझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं. तिसरं मला सुचत नाही. तुला सुचत असेल तर लिही.

तिकडे जाऊन आलेली दामेली म्हणते तू अजून एकटाच आहेस. तिकडे पोरींचा दुष्काळ आहे का?

मी सांगून टाकलंय सगळ्यांना. आमच्या घरची कबर उकरली जाणार. फावडं पुरुष मारतील, मी तिथं उभी राहणार. तुला थांबवायचं असेल तर पत्र नको. बस आहे, ये.

वहिनी


तालतोगाई
६ मे

तुझं पत्र आलं नाही. बरं केलंस. आणखी एक खोटं वाचायची मेहनत वाचली.

काल उकरली.

सकाळीच गेले. पाणी कबरीपासून हातभर राहिलं होतं. काठाला चिरा पडल्या होत्या, त्यातून पाखरं आत-बाहेर करत होती, त्यांना काय, त्यांना घर झालं. पुरुष फावडी घेऊन उभे होते. मला बघितल्यावर कोजाबेर्गेन आजोबांनी काठी आडवी धरली.

"सूनबाई, बायका कबरस्तानात येत नाहीत."

"नदीपण येत नव्हती, आजोबा. आली ना?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक इथंच आहेत. विचारा त्यांना."

लोहाराचा कुआन्गाली मागून ओरडला, "राहू द्या हो तिला! आता हाकललं तर रात्री स्वतः फावडं घेऊन येईल, आणि काठ कोसळला तर आपल्याला आणखी एक कबर खणावी लागेल." ते हसले आणि मी राहिले.

सासूबाईंना आधी काढलं. नीट होत्या. लहानशा. पांढऱ्या कापडात घेतल्या, मी लांबूनच सलाम केला. मग शेजारची.

साबीर दूर जाऊन नदीकडे तोंड करून उभा राहिला. मौलवीनं कबरीकडे तोंड करायला हवं. मी म्हटलं, बघून घ्या रे, मौलवी कुठं बघतोय.

माती काढली. कुशीला मयत ठेवतात त्या खोबणीवरच्या विटा काढल्या. कुआन्गाली आत उतरला, आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"काय आहे?" आजोबांनी विचारलं.

"बोरू," तो म्हणाला.

"कसला बोरू? माणूस कुठं आहे?"

"बोरूच आहे, आजोबा. पेंढी."

त्यानं वर दिली. कफन कुजून गेलं होतं, आत बोरूची पेंढी, माणसाच्या लांबीची, काळी पडलेली. मध्ये जाळ्याला बांधतात तसला एक धोंडा, वजनासाठी. आणि जाळ्याची दोरी, सात ठिकाणी आवळलेली. दोरी शाबूत होती. मी गाठी बघितल्या, मिर्झा. तू डावरा. तुझी गाठ उलटी बसते, कारखान्यात सगळ्या बायका तुझी जाळी बाजूला काढून शिव्या द्यायच्या, सोडता सुटत नाहीत म्हणून. सातही गाठी तुझ्या.

पेंढी त्यांनी गवतावर ठेवली. आणि कोजाबेर्गेन आजोबा हळूच म्हणाले, "म्हणून हलका होता."

मी हसले. खरंच हसले, मोठ्यानं. पुरुष घाबरले. कुआन्गालीनं टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांना वाटलं बाई गेली कामातून. मला वाटलं, इतकी वर्षं शुक्रवारचे शेलपेक मी एका झाडूच्या पेंढीला खाऊ घातले.

मग मी साबीरकडे गेले. या वेळी तो बोलला. नदीकडे बघतच बोलला.

म्हणाला, "तुझी सासू जीव सोडत नव्हती. तुला माहीत आहे. पाणीसुद्धा घेत नव्हती, झायिकचं पाणी म्हणून तोंड फिरवायची. डोळे उघडले की एकच, माझ्या पोराला माती मिळाली का? आम्ही बोरूच्या रानात गेलो ते खरोखर शोधायला. काठाकाठानं सगळं पालथं घातलं. काही नाही. परत येताना उतेगाली नावेतून उतरला आणि बोरू कापायला लागला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, आईसाठी माती."

"आणि तुम्ही मौलवी असून दुआ म्हणालात. गवतावर."

"म्हणालो. मेंदीगालीच्या नावानं म्हणालो. तो जिथं असेल तिथं लागू होवो म्हणून. चूक असेल तर वर गेल्यावर भोगीन. तुझी सासू तो आठवडा संपायच्या आत सुखानं गेली."

ते खरं आहे. गेल्या. हसऱ्या तोंडानं गेल्या. मीच डोळे मिटवले.

"मग मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. "सासूबाई गेल्या, आठवडा गेला, वर्ष गेलं. मला का नाही?"

तेव्हा तो वळला. "त्याला सांगायचं होतं. जेवणाच्या दिवशी थोरल्यांनी ते बोलणं काढलं, आणि तो माझ्याकडे आला. म्हणाला, साबीर-आगा, मी हो म्हणालो तर बोरूच्या पेंढीवर संसार मांडल्यासारखं होईल. वहिनी समजते आहे की तिनं नवरा पुरला. ते खोटं माझं आहे. खोटं सांगून तिचा हात धरता येत नाही, आणि खरं सांगितलं तर लोक म्हणतील, वहिनीसाठीच यानं भावाला गवत करून पुरला. मी म्हटलं, चार वर्षं थांब, हरवलेल्या नवऱ्याची तेवढी वाट बघायची असते, मग रीतीनं काहीतरी मार्ग काढू. तो थांबला नाही. गेला."

तर ते तिसरं होतं. जे मला सुचलं नव्हतं.

आता ऐक. मी रागावले आहे, आणि नीट रागावले आहे. आईंसाठी बोरू कापलास, ठीक. मला सांगितलं असतंस तर मी कापून दिला असता, आणि गाठीही मारून दिल्या असत्या, बघितल्यावर तुझं पितळ उघडं पडणार नाही अशा. त्या म्हातारीचे पाय मी दाबत होते, तू नाही. तुम्ही दोघा शहाण्यांनी ठरवलंत की हिला झेपणार नाही. मला! मोठ्या माशाचं पोट फाडायला फोरमन मला बोलावतो, आणि मला गवताची पेंढी झेपणार नव्हती! आणि मग लोक काय म्हणतील म्हणून पळालास. लोकांनी तुझ्या मागे काय काय म्हटलं ते ऐकायला मी इथं होते.

पेंढीचं काय करायचं, असं साबीरनं विचारलं. टेकडीवर नेऊन पुरायची का, नावासाठी? मी उचलली आणि नदीत टाकली. आजोबा म्हणाले, "झायिकमध्ये असं काही टाकू नये, सूनबाई." मी म्हटलं, तिचाच बोरू आहे, तिला परत. वाहून गेली. धोंडा सुटून बुडाला, बोरू तरंगत वळणापर्यंत दिसत होता. संध्याकाळी काठाचा तो तुकडाच गेला, कबरीसकट.

दगड मात्र वाचवला. नाव कोरलेला दगड. कुआन्गालीनं विचारलं, टेकडीवर लावू का? मी म्हटलं, नको. घरी आणून ठेवलाय, भिंतीकडे तोंड करून. कारण अजून मला माहीत नाही तो कुणाचा आहे. मेलेल्याचा की पळालेल्याचा.

साबीरला मी झीनाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मेंदीगाली पाण्यातच गेला, वेडे. आस्त्राखान नाही आणि काही नाही."

"तुम्ही बघितलंत?"

"उतेगालीनं सांगितलं."

बघ. पुन्हा तूच. सगळं फिरून तुझ्याच शब्दावर येऊन थांबतं. आणि तुझ्या शब्दावर मी एकदा गवत पुरलंय, मिर्झा. दुसऱ्यांदा काय पुरू?

साबीरनं जे सांगितलं ते ऐकायला गोड आहे. म्हणूनच मला खटकतं. भावाला पळवून लावणारा माणूसही असंच वागेल, बोरू कापेल, गाठी मारेल, आणि मौलवीला रडवून सोडेल. मी रात्रभर दोन्ही बाजू तोलल्या, आणि काटा हलत नाही.

म्हणून एकच विचारायचं आहे. तू त्यांना पाण्याखाली जाताना डोळ्यांनी बघितलंस का? हात कुठं होता, टोपी कुठं होती, काही ओरडले का, काय ओरडले. पत्रातून नको. पत्रात तू नळाबद्दल लिहितोस. लहानपणी तुम्ही खोटं बोललात की सासूबाई तुम्हाला झायिकमध्ये घोट्यापर्यंत उभं करायच्या आणि पुन्हा विचारायच्या, हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं होतं. तिथं उभा करून मी विचारणार आहे. पाणी अजून थंड आहे, पायांची सोय करून ये. आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत असेन. डोळे वळवलेस तर कळेल.

बघितलं नसशील तर तेही सांग. मग मी आस्त्राखानला जाईन आणि गल्ली गल्ली शोधीन, माझी मी. मला तुझी सोबत नको.

आणि खरोखर बघितलं असशील, तर दगड टेकडीवर जाईल, सासूबाईंच्या शेजारी. मोकळ्या जागेवर, खाली काही नसताना. मी समोर उभी राहून फातेहा म्हणवीन, आणि त्या दिवशी मोठ्यानं रडेन. माशांचे दिवस असले तरी. फोरमननं येऊन दाखवावं.

त्यानंतरचं. त्या वर्षी ते बोलणं काढणारे थोरले बहुतेक आता टेकडीवर झोपलेत, तेव्हा तुला पुन्हा कुणी विचारणार नाही. विचारायचं असेल तर तुलाच विचारावं लागेल, स्वतःच्या तोंडानं, आणि एका शब्दाहून जास्त बोलावं लागेल. मी काय उत्तर देईन ते इथं लिहीत नाही. इतकी वर्षं मी एकटीच संशयात होते. आता बसमध्ये बसून तूपण जरा राहा.

मी वाट बघत नाही. गुरुवारच्या बसच्या वेळी कुत्रं मात्र बांधून ठेवीन.

बाल्झिया